परीक्षेचे निसारभाई

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार. डॉक्टरकीच्या परीक्षेत विद्यार्थ्यांनी तपासायची केस म्हणून बसण्याचा भत्ता तीनशे पन्नास रुपये, शिवाय चहा आणि एक वेळचं जेवण. वडाळा गावातले गादीवाले निसारभाई सलग चौथ्या वर्षी मेडिसिनच्या वॉर्डात नऊ नंबरच्या खाटेवर येऊन बसले.

त्यांच्या पाठदुखीचं खरं नाव याच वॉर्डात कळलं होतं. जन्मभर कापूस पिंजला, गाद्या उचलल्या, म्हणून पाठ धरली असं घरचे समजत होते. निघाला मायलोमा, हाडांतल्या मज्जेचा कॅन्सर. बिघडलेल्या पेशी एक नको ते प्रथिन सोडतात आणि ते किडनीच्या बारीक नळ्यांत अडकून बसतं. मोरीच्या जाळीत कापूस अडकावा तसं, असं एका सरांनी समजावलं होतं. औषधांनी आजार ताब्यात आला. पण हाडं, रक्त आणि किडनी एकाच माणसात दाखवणारी ही केस परीक्षकांच्या मनात भरली, ती भरलीच.

"काय निसारभाई, तयारी झाली का?" वॉर्डबॉय मल्हारीनं विचारलं.

"तुझ्या डॉक्टरांपेक्षा पक्की आहे. आठ महिने पाठदुखी, अशक्तपणा, लघवीला फेस."

"तेवढंच बोला. नवीन रामायण नको."

नवीन होतं, पण ते सांगायचं नाही असं निसारभाईंनी ठरवलं होतं. दोन वर्षांपूर्वी एका मुलाला त्यांनी सहज खोकल्याचं सांगितलं. तो खोकल्यातच गुंतला आणि नापास झाला. जिन्यात बसून रडत होता. तेव्हापासून ते दरवर्षी तीच हकिकत सांगत. यंदा आठवडाभर पाठ पुन्हा ठणकत होती. वेदनेच्या गोळ्या किडनीला बाधतात, विचारल्याशिवाय घेऊ नका, असं बजावलेलं असूनही मेडिकलमधून आणून दिवसाला दोन चालू होत्या. परवापासून लघवी जवळजवळ नव्हतीच. बायकोला, नूरबानोलाही ते बोलले नव्हते. परीक्षा उरकली की उद्या दाखवू, एवढाच विचार. दमलेला माणूस याहून लांबचा विचार करत नाही.

परीक्षा देणारी अंजली नावाची मुलगी वही घेऊन आली. ते सांगत गेले, ती लिहीत गेली.

"लघवी, चाचा?"

"फेस येतो. बाकी नॉर्मल."

"आज सकाळपासून किती वेळा झाली?"

चार वर्षांत आजचं कुणी विचारलं नव्हतं. "नॉर्मल लिही बेटा. वेळ चाललाय तुझा."

तिनं त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. उचलला तरी खड्डा तसाच राहिला.

"ही सूज जुनी नाही, चाचा."

"मार्क जातील तुझे. मी सांगतो तेवढं लिही."

"माझे मार्क मी बघते. गोळ्या कसल्या घेताय?"

निसारभाईंनी सदऱ्याच्या खिशातून अर्धी संपलेली पट्टी काढून तिच्या हातावर ठेवली. "परवापासून कपभर झाली असेल. जास्त नाही."

तिनं वही मिटली आणि सरळ परीक्षकांच्या टेबलाशी गेली.

"अजून वीस मिनिटं आहेत. मदत मागायला आलात का?" परीक्षक खेकसले.

"सर, मला मार्क नकोत, पण यांचं पोटॅशियम आत्ता बघायला हवं." तिनं पट्टी टेबलावर ठेवली.

परीक्षकांनी पट्टी वाचली आणि ते उठले. ईसीजी निघाला; किडनी बंद पडून रक्तात साठलेल्या पोटॅशियमनं हृदयाचे ठोके बिघडायला लागले होते. अर्ध्या तासात निसारभाईंना डायलिसिसला नेलं. अंजलीला दम्याचा दुसरा पेशंट मिळाला, वेळ मात्र उरलेलाच.

चार डायलिसिस झाले. आठव्या दिवशी लघवी सुटली. किडनी पूर्वीइतकी राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. नूरबानो खाटेशी बसून म्हणाली, "पोरं पास करायला निघाले होते!" निसारभाईंनी डोळे मिटून घेतले. भांडायची ताकद नव्हती. ती मुलगी पास झाली का, हे मल्हारीलाही ठाऊक नव्हतं.

मग किडनीतून ते प्रथिन किती जातंय हे मोजायला चोवीस तासांची लघवी साठवायला सांगितली. वॉर्डातला कॅन गळका होता, म्हणून आया सुलाबाईनं बाहेरून नवीन आणून दिला. चाळीस रुपये पडले. ते तिला अजून द्यायचे आहेत.