आप्पाकाका, त्यांचे आजोबा आणि मी दाबलेलं बटण

आमचे आप्पाकाका स्वतःच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी सकाळी साडेनऊला खरवईच्या हॉलवर पोचले, तेव्हा ते कागदोपत्री मयत होते. मारणारा मी. हत्यार, एक फुकटचं सॉफ्टवेअर.

सुरुवात आत्यामुळे झाली. आत्या म्हणजे आप्पाकाकांची धाकटी बहीण मनी, अंबरनाथला राहते. आमच्या घराण्याची वंशावळ बदलापूर गावात आप्पाकाकांकडे असते, एका लांबलचक पिवळ्या कागदावर. तिच्यात फक्त पुरुष. बायका कुठून आल्या, मुली कुठे गेल्या, याची चौकशी तो कागद करत नाही. समारंभात ही वंशावळ मोठी करून लावायची ठरली आणि आत्याचा मला फोन आला.

"त्यात माझं नाव येईल ना रे?"

"आत्या, त्यात मुलींची नावं नसतात."

"म्हणूनच विचारतेय. पंच्याहत्तरी झाली माझी, पण त्या कागदाप्रमाणे मी अजून जन्मलेलीच नाही."

मी आप्पाकाकांना विचारलं. "वंशावळीत मुली घालत नाहीत," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण मनी ऐकायची नाही. घाल. मात्र एक जरी चूक निघाली ना, तर माझा जुना कागदच लावणार. सांगून ठेवतो."

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. आता निवृत्त आहे, म्हणजे हातात वेळ आणि घरात कॉम्प्युटर (ही जोडी कुठल्याही घराण्याला घातक). वंशावळीच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर इंटरनेटवर फुकट मिळालं. त्याच्या जोडीला आणखी छोटी छोटी फुकट सॉफ्टवेअरं होती. एक तारखा तपासणारं, एक तक्ता काढणारं, आणि एक दुबार नोंदी शोधून त्यांची एक करणारं. हे शेवटचं बघून मला भरून आलं. एकाच बेअरिंगच्या दोन नोंदी निघाल्या की मला त्या दिवशी जेवण जायचं नाही, असा मी माणूस.

पंधरा दिवस बसून मी सगळं घराणं भरलं. मुली, सुना, सासरी गेलेल्या, कोणी सोडली नाही. आत्याला फोन करून सांगितलं, "तुझं नाव घातलं." ती नुसतं "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. मग मी दुबार नोंदींच्या मागे लागलो.

आमच्यात थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आहे. महादेवाचा सीताराम, सीतारामाचा महादेव, की पुन्हा त्या महादेवाचा सीताराम. हे शेवटचे सीताराम म्हणजे आप्पाकाका. त्यामुळे ते आणि त्यांचे आजोबा, दोघांचंही पूर्ण नाव एकच, सीताराम महादेव. आजोबांची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती, मृत्यूचं साल तेवढं होतं. आप्पाकाकांची जन्मतारीख होती आणि मृत्यूचं साल, अर्थात, नव्हतं. सॉफ्टवेअरला वाटलं, अर्धा माणूस इकडे राहिलाय, अर्धा तिकडे. त्याने विचारलं, हे दोघे एकच का?

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर वाचलंच नाही. यादी मोठी होती आणि खाली 'सगळ्यांना हो' असं बटण होतं. (असं बटण ठेवणाऱ्यालाही थोडं पाप लागलं पाहिजे!) मग एक सूचना आली, की ही व्यक्ती स्वतःचीच पूर्वज होते आहे, पुढे जायचं का? कारखान्यात असल्या सूचना रोज यायच्या आणि आम्ही रोज पुढे जायचो. मी पुढे गेलो.

तक्ता छापायला उल्हासनगरला नेला. फ्लेक्सवाले सिंधी काका चष्मा वर करून स्क्रीनकडे बघत राहिले.

"साईं, ये सीताराम ऊपर भी है, नीचे भी है."

"आमच्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात."

"नाम ठीक है. तारीख भी सेम है. और ये आदमी पहले मरा है, बाद में पैदा हुआ."

"तुम्ही छापा हो."

"छाप देता हूँ. खानदान तुम्हारा है."

हॉलमध्ये फ्लेक्स लागला. आप्पाकाका नवं धोतर नेसून आले, समोर उभे राहिले आणि वरपासून वाचू लागले. मृत्यूचं साल दिसलं की नावामागे आपोआप 'कै.' लावायची सोय मी मोठ्या हौसेने चालू केली होती. त्यामुळे वर कै. सीताराम महादेव, आणि खाली आप्पाकाकांच्या जागीही कै. सीताराम महादेव. तक्त्याप्रमाणे त्यांनी स्वतःच्या वडिलांना जन्म दिला होता, वडिलांनी परतफेड केली होती, आणि या सगळ्याच्या आधीच ते वारले होते. गुरुजींनीही वाचलं. मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आज विधी नक्की कोणता करायचाय?"

"उतरव ते," आप्पाकाका म्हणाले. जुना कागद त्यांनी पिशवीतून आणलाच होता.

मी आत्याकडे पाहिलं. तिला तिचं नाव सापडलं होतं. मनोरमा, महादेव यांची कन्या. ती त्याच्यावर बोट ठेवून उभी होती आणि बोट काढत नव्हती. मला फार वाईट वाटलं. तिला दिलेला शब्द मी माझ्याच हाताने, एका बटणावर, घालवला होता.

"कोणी हात लावायचा नाही याला," आत्या म्हणाली.

"मने, मला मेलेला दाखवलाय त्यात."

"मग राहा एक दिवस मेलेला. मी पंच्याहत्तर वर्षं काढली."

आप्पाकाकांनी एकदा तिच्या बोटाकडे पाहिलं. मग त्यांनी कागद परत पिशवीत घातला.

मी घाईने त्यांच्या 'कै.'वर झेंडूचा हार लावला. त्याने प्रकरण आणखी बिघडलं. बारवीकडून उशिरा आलेल्या पाहुण्यांनी हार पाहून चपला काढल्या आणि हात जोडले. शेवटी आप्पाकाकांनी गुरुजींकडून पेन मागून घेतलं, हार बाजूला केला आणि आपलं 'कै.' आपल्याच हाताने खोडलं.

आत्या दिवसभर येईल त्याला तक्ता दाखवत होती. ही मी, हा आप्पा, ही याची सून. दाखवता दाखवता ती थांबली.

"काय रे, यात तू कुठेयस?"

मी शोधलं. मी नव्हतोच. सॉफ्टवेअर शिकताना सरावाला म्हणून पहिली नोंद मी स्वतःची केली होती, आणि हात बसल्यावर कचरा नको म्हणून पुसून टाकली होती.

आप्पाकाका चष्मा लावून उठले. त्यांनीही वरपासून खालपर्यंत मला शोधलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"असू दे," ते म्हणाले. "तेवढं एक बरोबर आलंय."