तंगडी कुणाच्या ताटात

चार बायका दिवसभर एका जागी बसल्या की किस्से सरत नाहीत, उलट वाढतात. निपाणीला तंबाखूच्या वखारीत आम्ही पानं निवडायचो. हात चालायचे, तोंडंही. मोठ्या लढाईचे दिवस, सगळं महाग. मग बोलणं फिरून फिरून खाण्यावर यायचं, आणि त्यातही कोंबडीच्या तंगडीवर! मालक जैन, वखारीत अंड्याचंही नाव काढायची सोय नव्हती. त्यामुळे तंगडी कशी करायची ते आम्ही कुजबुजत सांगायचो, कुणाच्या घरचं लफडं सांगावं तसं.

*

पारू जांबोटीकडची. तिच्या माहेरी तंगडीला हळद आणि आलं-लसूण चोळून केळीच्या पानात गुंडाळायचे आणि निखाऱ्यात पुरायचे. पुडा उलटायचं काम हिचं. खायचे आप्पा आणि भाऊ. एकदा उष्टं पान टाकायला हिच्या हातात दिलं. हिनं परसात जाऊन ते चाटलं!

"कुत्रं बघत हुतं माझ्याकडं," पारू म्हणाली.

आम्ही पोट धरून हसलो. पारूही हसली, जरा उशिरा.

*

शांता अनगोळची. तिच्याकडे सुकं करायचे. भाजलेलं खोबरं, तीळ, कांदा वाटून तंगडी कोरडी होईपर्यंत परतायची. लग्नानंतर तिचा नवरा सणाला सासुरवाडीला आला, तो मित्राला घेऊनच. वडील, जावई, मित्र. पुरुष तीन आणि कोंबडी एक!

आईनं मागच्या दारानं शेजारणीकडून एक तंगडी आणली, बदल्यात छातीचे चार तुकडे दिले. ती आणलेली तंगडी नेमकी मित्राच्या ताटात गेली.

"मामी, असली तंगडी जन्मात खाल्ली न्हाय," मित्र म्हणाला.

आई वर्षभर शेजारणीशी बोलली नाही.

*

सुंदा आमच्यातली सगळ्यात लहान, सातवा महिना लागलेला. ती एकदा म्हणाली, "पर खाताना लागती कशी गं?"

सगळ्यांचे हात थांबले. करायच्या रीती आम्हाला ढीगभर माहीत होत्या, पण खाल्ली एकीनंही नव्हती. एक तंगडी सासऱ्याला, दुसरी नवऱ्याला नाहीतर पोराला. आमच्या वाट्याला मान आणि पाठ. खोटं कशाला बोलू, मला ती लहानपणापासून हवी होती. सुंदाला तर तिचेच डोहाळे लागले होते आणि घरी बोलायची चोरी.

*

वखारीच्या सुट्टीला आम्ही गंगाक्काच्या घरी जमलो. गंगाक्का आमच्यातली थोरली, विधवा, एकटी राहायची. तांबड्या रश्श्यातली अख्खी तंगडी करावी तर तिनंच! जत्रेला लोक तिला घरी बोलावून न्यायचे. एकटीसाठी तिनं कधी कोंबडी कापली नव्हती, त्या दिवशी मात्र घरची कापली.

एक तंगडी सुंदाला वाढली. तिनं मान वर न करता खाल्ली, हाडसुद्धा चोखलं. दुसरी पातेल्यात राहिली. कुणीच तिकडं बघेना. शेवटी मी ती उचलून गंगाक्काच्या ताटात घातली. तिनं दोनदा परत केली, मी दोनदा घातली.

मग ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि खाऊ लागली. आम्ही उगाच भात कालवत राहिलो. गंगाक्का तशीच पाठमोरी बोलली,

"आत मीठच पोचल्यालं न्हाय गं. चाळीस वर्सं करतोय, एकानंबी सांगितलं न्हाय."