हरलेल्या शनिवारची बस

इंग्लंडातल्या आमच्या ऑसलडेन गावात फुटबॉलपटू ही काही वेगळी जमात नव्हती. सिरिल हॅलिवेल क्लबचा मधला बचावपटू; पण सामना संपला की आंघोळ करून, भांग पाडून तो प्रेक्षकांच्याच बसने घरी जायचा. त्या बसचा कंडक्टर मी. जिंकल्यावर लोक त्याला जागा द्यायचे, हरल्यावर सल्ला.

सिरिल विणकराचा मुलगा. गिरणीतून क्लबात आला आणि ऐन उमेदीची वर्षं लढाईने खाल्ली. परतल्यावर मोठ्या शहरातल्या क्लबाने बोलावलं, तर म्हणाला, "तिथल्या बसमध्ये मला कोण विचारणार?" आणि गेला नाही. त्याची बायको हिल्डा सांगायची, "ह्यांचं लग्न माझ्याशी झालं, पण संसार त्या बसशी."

आणि अशा माणसाने कपच्या सामन्यात, अगदी शेवटी, चेंडू गोलकीपरकडे मागे सारला तो नेमका गोलसमोरच्या चिखलातून. तो चिखल जानेवारीत चेंडू गिळतो, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक. चेंडू मध्येच रुतला, पाहुण्यांच्या एका पोराने तो जाळ्यात टोलवला आणि आम्ही कपमधून बाहेर.

संध्याकाळी सिरिल थांब्यावर आला. एक पाय पायरीवर, दुसरा रस्त्यावर.

"चढतोस की घंटी मारू?" मी विचारलं.

"आत कसे आहेत?"

"गप्प आहेत."

त्याचा चेहरा उतरला. शिव्या त्याने पुष्कळ पचवल्या होत्या. बस गप्प झालेली कधी पाहिली नव्हती. तेव्हा चालत घरी गेला असता, तर मला वाटतं, पुन्हा कधीच चढला नसता.

चढला. कोणी वर पाहिलं नाही. दांडा धरून उभा राहिला. गिरणी गेली, चर्च गेलं. शेवटी त्याच्या आईची मैत्रीण, मिसेस ग्रिमशॉ, खिडकीबाहेर बघत म्हणाली, "इतकी वर्षं त्या चिखलात लोळलास, आणि आजच विसरलास होय रे मेल्या?"

"विसरलो, मावशी."

"पोस्टाने पाठवायचा होतास," मागून अल्बर्ट खाटीक म्हणाला. "सोमवारपर्यंत तरी पोचला असता."

मग सगळी बस तुटून पडली. कोणी त्याचा बाप काढला, कोणी त्याचे बूट. सिरिल मान खाली घालून ऐकत होता. दांड्यावरची मूठ मात्र हळूहळू सैल होत गेली.

मिसेस ग्रिमशॉने शेजारची पिशवी मांडीवर घेतली. "बस इथे. अजून बरंच बोलायचंय, उभ्याने दमशील."

तो बसला. त्याचा थांबा आला, मी घंटी मारली. पण मावशींचं बोलणं अर्ध्यावर होतं, म्हणून सिरिल तसाच पुढे गेला.