बाराशे बायांच्या बसा

आमच्या बेटावर, गुडलँड्सच्या कपड्याच्या फॅक्टरीत मी सात वर्षं बटणं लावली, आणि मग कॉम्प्युटरवर बसले. आता हे ऐकून लोक हसतात, पण खरं सांगते, ऐंशीच्या दशकात आमच्या फॅक्टरीत ते मशीन आलं तेव्हा त्याच्याजवळ जायला कुणी तयार नव्हतं. माझं शिक्षण सहावीपर्यंत. मशीनचं पुस्तक फ्रेंचमध्ये होतं, ते मी जेवणाच्या सुट्टीत डाळपुरी खात खात वाचलं. शिकवायला कोण होतं?

मॅनेजरसाहेब, आम्ही त्यांना मिस्ये म्हणायचो, तसे भले, पण त्यांचा माझ्यावर पुरता विश्वास नव्हता. एका गुरुवारी सकाळी ते फ्लॉपी घेऊन आले. फॅक्टरीच्या बसा बायांना गावागावांतून आणत, आणि सोमवारपासून त्यांचे रस्ते बदलणार होते. बसवाल्या साहेबानं गावोगावी फिरून नवी यादी केली होती: कुणाचा कार्ड-नंबर, कुणाची कुठली बस. आमच्या मोठ्या यादीत बाराशे बाया, प्रत्येकीच्या ओळीत जुनी बस. तिच्या जागी नवी घालायची आणि शनिवारी दुपारपर्यंत प्रत्येकीच्या हातात चिठ्ठी द्यायची.

"मादाम, जमेल ना?" ते म्हणाले. "नाही जमलं तर पोर्ट लुईचा माणूस येईल, मशीन त्याच्याकडे जाईल. तुम्ही परत बटणांवर."

बटणांना मी कमी लेखत नाही हो. पण ती खुर्ची मला हवी होती, मनापासून हवी होती.

मी प्रोग्राम लिहिला. एक बाई घ्यायची, तिचा नंबर नव्या यादीत वरपासून शोधायचा, सापडला की बस लिहायची. मग दुसरी बाई, पुन्हा वरपासून. मशीन खर्र खर्र करत बसलं. संध्याकाळी फॅक्टरी सुटली तेव्हा दोनशेसुद्धा झाल्या नव्हत्या. बाराशेला किती दिवस लागतील, ते मी बोटांवर मोजलं, तर शनिवार कधीच हुकत होता.

त्या दिवशी आमच्या देवळात सत्यनारायण होता. पूजा झाली की जी म्हातारी माणसं येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी प्रसाद पोचवायचा, हे काम आमच्या सासूबाईंचं आणि माझं. पुड्यांवर घराघरांच्या चिठ्ठ्या. मी टोपली उचलली, पहिल्या दाराशी गेले आणि त्या घराची पुडी शोधायला सगळी टोपली उपसू लागले.

सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "अयो मामा! अगं, प्रत्येक दाराशी अशी टोपली उपसशील तर प्रसाद आंबेल की! आधी रस्त्याला जशी घरं, तशा पुड्या लाव. मग नुसतं चालत जायचं. वरची पुडी, पुढचं घर."

मी तिथेच रस्त्यात उभी राहिले.

"आता काय झालं?" त्या म्हणाल्या.

"आई, फॅक्टरीत मी दिवसभर टोपलीच उपसत होते!"

त्यांना काही कळलं नाही. म्हणाल्या, "मग तिथली माणसं उपाशी असतील. चल."

शुक्रवारी सकाळी आधी जुन्या यादीची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या फ्लॉपीवर ठेवली. मग दोन्ही याद्या कार्ड-नंबरानं ओळीत लावल्या आणि मशीनला सांगितलं, इथली एक ओळ, तिथली एक ओळ, दोघींनी बरोबर पावलं टाकत खाली जायचं. मागे वळायचं नाही. काय सांगू, चहा प्यायला गेले आणि परत येते तर काम संपलेलं! मी टेबलावर थाप मारली.

मग सहज माझीच ओळ बघितली. मला मशीननं पार दुसऱ्या टोकाच्या गावाच्या बसमध्ये बसवलं होतं! शेजारणीला तिसरीकडे. वर वर जात तपासलं, तर एका ठिकाणापासून खालच्या सगळ्या बाया एकेक बस सरकलेल्या. त्या ठिकाणी नव्या यादीत एकच नंबर दोनदा होता. त्याच्यापुढे असे आणखी अकरा.

बाराही जणींना जेवणाच्या सुट्टीत बोलावलं. सगळ्या नव्या नवऱ्या! बसवाला साहेब सासरच्या गावात गेला तेव्हा नणंदेनं नाव दिलं, माहेरच्या गावात गेला तेव्हा आईनं दिलं, पोरगी कधी आली तर बस असावी म्हणून.

"एका रकान्यात एकच बस मावते गं," मी म्हटलं. "सासर की माहेर?"

सगळ्या खाली बघून हसल्या. एक धीट होती, ती म्हणाली, "मावशी, सोमवारी तर मी माहेरूनच येते. पण सासूला नका सांगू."

"मी कशाला सांगू? बाकीचे दिवस?"

"सासर," ती म्हणाली. मग बाकीच्यांनीही सासरच सांगितलं, एकीनं जरा उसासा टाकून.

त्या बारा जादा ओळी काढल्या. मशीनलाही शहाणं केलं: दोन्हीकडचे नंबर जुळले तरच बस लिही. नाही जुळले तर ज्या यादीचा नंबर लहान तिनं एक पाऊल पुढे यावं, दुसरीनं थांबावं. जिच्यासाठी पुडीच नाही तिच्या दारावरून नुसतं पुढे जायचं, आणि तिची जुनी बस तशीच राहू द्यायची. दुसऱ्या फ्लॉपीवरची नक्कल घेऊन पुन्हा चालवलं. या वेळी चहाला गेले नाही, समोरच बसले. मग पन्नास ओळी हातानं तपासल्या. माझी बस माझ्या गावची. शेजारणीचीही तीच.

शनिवारी दहा वाजताच चिठ्ठ्या वाटून झाल्या.

सोमवारी पहाटे मी फाटकाशी उभी होते. एकेक बस वळून आत आली, बाया उतरल्या, माझ्या जुन्या बटणांच्या रांगेतल्या मैत्रिणींनी लांबूनच हात हलवले. शेवटच्या बसमधून ती धीट पोरगीही उतरली, आणि सोमवार असूनही ती बस तिच्या सासरची होती! कुठल्याच गावात कुणी मागे राहिलं नव्हतं.

मॅनेजर मिस्ये यादी घेऊन आले, हजेरीशी ताडून बघितली आणि घडी घातली. "पोर्ट लुईला फोन केला," म्हणाले. "त्या माणसाला सांगितलं, येऊ नको. मशीन मादामकडेच राहील. तुम्हाला आणखी काही हवंय?"

मी म्हटलं, "हो मिस्ये. ती खुर्ची उंच आहे, माझे पाय जमिनीला लागत नाहीत. मला माझ्या मापाची द्या."

दुपारपर्यंत आली.