आल्यावर पुसतो

फोन आला तेव्हा मी एका पँटचं कापड कापत होतो. भर दुपार, दुकानात कुणी नाही, रेडिओ चालू. पलीकडून सुनीता बोलत होती. सुभेदाराची मुलगी, साताऱ्याला शाळेत शिकवते. "चाचा, बाबा गेले," एवढंच म्हणाली. मी काय बोललो असेन? "असं कसं? परवाच तर बोललो आमी!" परवा बोललेलं माणूस मरत नसतं की काय! पण त्या वेळी मला खरंच तसं वाटलं, काय करू. कात्री कापडात तशीच अडकून राहिली. ते अर्धं कापलेलं कापड अजून माझ्या कपाटात आहे. गिऱ्हाइकाला मी नवं आणून शिवून दिलं.

लिहिणं हे माझं काम नव्हे. मी इस्लामपुरातला शिंपी, मापाच्या वहीपलीकडं कधी काही लिहिलं नाही. पण पाच आठवडे झाले, एक गोष्ट मनात अडकून बसलीय आणि ती सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून लिहितोय. चुकलं माकलं तर सांभाळून घ्या.

सुभेदार माझ्या दुकानात पहिल्यांदा आला तो कपडे शिवायला नव्हे. नुकताच फौजेतून निवृत्त होऊन आष्ट्याच्या रस्त्याला शेतात घर बांधून राहिलेला. उंच, ताठ, मिशा कातरलेल्या. काउंटरवर मांजरपाटाचा तागा ठेवला आणि म्हणाला, "मास्तर, ह्याच्या थाळीएवढ्या गोल चकत्या कापा. तीस चकत्या एकावर एक ठेवून मधनं गोल गोल शिवत बाहेर या." मला वाटलं, माणूस डोक्यानं जरा इकडंतिकडं आहे. विचारलं, "बसायला आसन पायजे का?" तर म्हणतो, "इंजनाला पायजे." मी शिवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हा पुन्हा दारात, तोंडावर काळे ठिपके, भुवई जळालेली! मी नेहमीचा पॉलिस्टरचा धागा वापरला होता. ते कापडाचं चाक मोटारीवर फिरायला लागल्यावर तो धागा गरम होऊन वितळला आणि सगळा चिकटा इंजिनाच्या भागावर उडाला. आता हा मला फाडून खाणार म्हणून मी आधीच आवाज चढवला, "सांगायला काय झालं हुतं, सुती धागा घाला म्हणून?" त्यानं माझ्याकडं बघितलं आणि खो खो हसत सुटला. तिथून आमचं जमलं. वर्षभरात 'तुमी'चं 'तू' झालं, ते शेवटपर्यंत.

त्यानं लिलावात एक जुनी जीप घेतली होती. तिचं इंजिन पडवीत सुटं करून ठेवलेलं, आणि एकेक भाग तो घासत बसायचा. नुसता धुवून पुसून नव्हे हो, आरसा करायचा! आधी जाडा पॉलिश पेपर रॉकेलमध्ये बुडवून आडवा घासायचा, मग त्याहून बारीक घेऊन उभा, आधीची एकूण एक रेघ जाईपर्यंत. मग त्याहून बारीक, पुन्हा आडवा. एकेका भागाला पंधरा-पंधरा दिवस. मग विहिरीवरच्या जुन्या पंपाच्या मोटारीला माझं कापडी चाक लावायचं, त्यावर हिरव्या मेणासारखी पॉलिशची वडी धरायची आणि भाग टेकवायचा. सुरुवातीला दाट शिवणीचं कडक चाक, शेवटाला विरळ शिवणीचं मऊ. ते मऊ चाक माझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही, हे तो चारचौघांत सांगायचा आणि मी वर तोंड करून पंख्याकडं बघायचो. सगळ्यात शेवटी मेणाचा चिकटपणा काढायला गव्हाचं पीठ चोळायचं. त्यावरून वहिनींचा रोज तोंडाचा पट्टा चालू असायचा. "आवं, चपातीला पीठ न्हाई आन तुमच्या इंजनाला हाय व्हय? बघा की मास्तर भावजी, लगीन माझ्याशी केलंय का त्या डबड्याशी?" सुभेदार ओठ दाबून हसायचा आणि आणखी एक मूठ घ्यायचा.

मीही एकदा चिडून विचारलं होतं, "सुभेदार, बॉनेट लावलं की हे कोण बघणार हाय रं?" तो घासता घासताच म्हणाला, "फौजेच्या वर्कशॉपात सव्वीस वर्सं काढली गड्या. नीट करून दिलेली गाडी दुसऱ्या दिवशी चिखलानं भरून परत यायची. स्वच्छ इंजन कसं दिसतं ते मी कवा बगितलंच न्हाई. एकदा बगायचंय." मी दुसरा पेपर रॉकेलमध्ये बुडवून त्याच्या हातात दिला.

त्याचा एक नियम होता. चमकवलेल्या भागाला उघडं बोट लावायचं नाही. घामाचा डाग पडतो, राहिला तर धातूत उतरतो. कुणी हात पुढं केला की परेडवर ओरडावं तसं ओरडायचा, "बोट!" पाहुणे दचकून हात मागं बांधायचे. आणि चुकून लागलंच, तर तिथल्या तिथं तोंडाची वाफ सोडून मऊ फलालीनच्या फडक्यानं पुसायचं, मग ते फडकं त्याच दिवशी धुवायचं. न धुतलेल्या फडक्यातला एखादा कण पुढच्या वेळी ओरखडा काढतो म्हणून. अशी फडकी मी त्याला कातरून द्यायचो आणि एक माझ्याही खिशात कायम असायचं. पंधरा वर्षांत ती सवय माझ्या हाडात गेली. घरात स्टीलचा पेला घेतला तरी पिऊन झाल्यावर मी तो पुसून ठेवतो. माझी बायको म्हणायची, आला बघा सुभेदार अंगात.

शेवटची भेट शुक्रवारची. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, तेवढं एकच राहिलं होतं, तेही शेवटच्या हातावर. बाकी सगळं जोडून तयार. मी मऊ चाक घेऊन गेलो तर हा पायरीवर बसलेला, छातीवर हात, चेहरा राखेसारखा. म्हणतो, "काय न्हाई रं, जरा दम लागला. हे झाकण झालं की जीप चालू. पैली फेरी साताऱ्याला, पोरीकडं. तू म्होरं बसायचं, तुझी वहिनी मागं." माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "आधी डॉक्टरकडं जा. ते डबडं घासता घासता एक दिवस तिथंच मरशील!" ... हे मी बोललो. माझ्याच तोंडानं. तो हसला, चहा घेऊन जा म्हणाला, आणि मी तणतणत निघून आलो. लग्नसराईची कामं पडलीत, वेळ नाही म्हणालो. घोटभर चहाला असा किती वेळ लागतो?

शनिवारी रात्री सुनीता आली आणि रविवारी सकाळी त्याला सांगलीच्या दवाखान्यात घेऊन गेली. संध्याकाळी तो फोनवर माझ्याशी बोललासुद्धा. "झाकण झालं मास्तर. लय भारी झालंय. आल्यावर दावतो." मंगळवारी दुपारी तो फोन आला.

खांदा दिला, माती झाली. तिसऱ्या दिवशी नदीवर राख सोडून सगळे घरी आलो. माणसं अंगणात बसली, बायका आत. मला काही सुचेना. मी उठून पडवीत गेलो. मोटार, पॉलिश पेपरचे तुकडे, पिठाचा डबा, सगळं जागच्या जागी. आणि खिडकीत वर्तमानपत्रावर ते झाकण ठेवलेलं. ऊन पडलं होतं त्यावर. असलं काम मी त्याच्या हातचंही बघितलं नव्हतं. खिडकीचे गज, बाहेरचा ऊस, माझी टोपी, सगळं त्यात दिसत होतं. आणि बरोबर मधोमध एका अंगठ्याचा डाग.

माझा हात आपोआप खिशात गेला. फडकं काढलं, तोंडाची वाफ सोडली आणि पुसलं. हळू, गोल गोल, त्यानं शिकवलं तसं. डाग गेला. खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं मला. तीन दिवसांत त्याच्यासाठी एक तरी काम नीट केलं असं वाटलं.

मागं वळलो तर दारात सुनीता. तिचे डोळे त्या झाकणावर.

"चाचा... काय केलंसा?"

"डाग हुता गं, पुसला."

"तो बाबांचा अंगठा हुता."

तिनं मग सांगितलं, एकेक शब्द तोडत. रविवारी गाडी दारात उभी होती, हा गाडीत बसला होता. मधेच उतरला, थांब म्हणाला आणि पडवीत आला. ही मागोमाग आली. त्यानं झाकण उघड्या हातानं उचललं. उभ्या आयुष्यात ज्यानं ते कधी केलं नाही, त्यानं! उन्हात तिरकं धरून बघितलं, खिडकीत ठेवलं. अंगठा उमटला होता. तिनं त्याच्याच आवाजात "बोट!" म्हणून त्याला चिडवलं. तो हसला, म्हणाला, "राहू दे. आल्यावर पुसतो." आणि जाऊन गाडीत बसला. तो गेल्यावर तिनं त्या झाकणाला कुणाला हात लावू दिला नव्हता. वहिनींनासुद्धा. रोज सकाळी येऊन तो अंगठा बघायची.

मी तिथंच खाली बसलो. अरे देवा, अरे अल्ला, तोंडातून काय काय निघालं आठवत नाही. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. थोबाडीत मारली असती तर बरंच झालं असतं. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "तुमास्नी तरी काय म्हणायचं चाचा. तुमास्नी त्यांनीच शिकवलंय की." आणि मग इतके दिवस कोरडी राहिलेली ती पोर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. आत वहिनींना कळलं. त्यांनी आमच्या दोघांसमोर पाण्याचे तांबे आणून ठेवले.

गेल्या आठवड्यात आष्ट्याच्या मेकॅनिकनं झाकण बसवलं आणि जीप चालू केली. पहिल्या झटक्यात चालू झाली. आम्ही साताऱ्याला गेलो. सुनीता चालवत होती, मी पुढं, वहिनी मागं, त्यानं सांगितलं होतं तसंच. कराडच्या पुढं एका टपरीवर चहाला थांबलो तेव्हा सुनीतानं बॉनेट उघडलं. टपरीवाला, दोन ट्रकवाले, सगळे गोळा झाले, वा वा करायला लागले. एकजण हात लावायला पुढं झाला आणि आम्ही तिघं एकदम ओरडलो, "बोट!" तो बिचारा दोन पावलं मागं सरला. मी वाकून झाकणात बघितलं. लख्ख. एक डाग नाही. नुसतं माझं म्हातारं तोंड.

तो अंगठा गेला, पण गेला कुठं, हे मला शिंप्याला तरी कळायला हवं. तो कापडात गेला. ते फडकं मी घरी नेलं आणि मापाच्या वहीत ठेवलं, त्याचं माप लिहिलेल्या पानात. छाती चाळीस, खांदा साडेअठरा, बाही पंचवीस... मधोमध एक करडा ठिपका आहे, नखाएवढा. दुसऱ्या कुणाला दाखवला तर मळ म्हणेल. पंधरा वर्षांत त्याचं प्रत्येक फडकं त्याच दिवशी धुतलं, एकदाही चुकलो नाही. हे एक मी धुणार नाही, सुभेदार. ओरडायचं तर येऊन ओरड.