चाकांचं मॅचिंग

गुटख्याच्या लाल रंगाची मला शिसारी आहे. नशिराबादहून जळगावच्या शाळेत शिकवायला मी अकरा वर्षं भुसावळकडून येणाऱ्या एसटीनं गेले. खिडकीशी बसावं, तर पुढच्या सीटवरचा गडी मान बाहेर काढणार आणि वाऱ्याबरोबर त्याचा प्रसाद मागच्यांना मिळणार. एकदा तो माझ्या पांढऱ्या सुती साडीवर आला. दिवसभर पदर पुढे ओढून वर्गात उभी होते आणि पोरं माझ्याकडे न बघितल्यासारखं करत होती. त्याच दिवशी ठरवलं, स्वतःची गाडी घ्यायची.

घेतली ती डाळिंबी रंगाची. पहिल्याच दिवशी आमच्या ह्यांना बजावलं, या गाडीत गुटखा चालणार नाही. हे साक्रीकडचे. तोंडात कायम तोबरा आणि मान वर करून बोलायचं, त्यामुळे त्यांचं हो आणि नाही सारखंच ऐकू येतं. मी ते हो समजले. महिन्याभरात त्यांच्या बाजूच्या मागच्या दारावर तांबूस रेघा दिसू लागल्या. बोलून पाहिलं, रडूनही पाहिलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी दर रविवारी बादली घेऊन मीच ते दार धुवायला लागले. हातमोजे घालूनसुद्धा मळमळायचं.

मी अबोला धरला, तेव्हा मला खूश करायचं ह्यांच्या मनात आलं. आधी कंपनीची साधी चाकं काढून चकचकीत अलॉय बसवून आणले. त्यानं काही मी विरघळले नाही. मग एका शनिवारी, धुवून आणतो म्हणून गाडी नेली आणि अंधार पडल्यावर आणून लावली.

रविवारी सकाळी बादली घेऊन बाहेर गेले, तर पुढच्या चाकावर लाल पिचकारी. आऱ्यांवर लाल, कडेला लाल आणि खाली ओघळ. कोणीतरी जाता जाता थुंकून गेलं होतं, आणि तेही अगदी आमच्या दारात. फिनेल ओतलं, घासणीनं खसाखसा घासलं. निघेना. मागच्या चाकाकडे पाहिलं, तिथेही तेच. पलीकडे जाऊन पाहिलं, तिकडेही. चारही चाकांवर इतक्या मापात कोणी थुंकत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तेवढ्यात हे बाहेर आले. गटारीशी जाऊन तोंड मोकळं केलं आणि कौतुकानं म्हणाले, "दख, बठ्ठं मॅचिंग शे." म्हणजे त्यांच्या अहिराणीत, बघ, सगळं मॅचिंग आहे.

गाडीच्या रंगाशी जुळावं म्हणून ह्यांनी आऱ्यांवर आणि कडेवर रंगाच्या पट्ट्या मारून घेतल्या होत्या; खालचे ओघळही त्याच रंगाचे. गाडीच्या रंगाचा नंबर गाडीवरच असतो, तो पेंटरला दाखवायचा हे ह्यांना ठाऊक नव्हतं. संध्याकाळी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली डब्यांची झाकणं पाहून, हाच तो, म्हणून बोट ठेवलं होतं.

आणि हाच माणूस मी मॅचिंग सेंटरमधून ब्लाउजपीस हातात घेऊन पायरीवर उन्हात आले, की स्कूटरवर बसून हॉर्न वाजवायचा. लाल तो लाल, त्यात काय बघायचं, म्हणायचा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात दगा देतो, हे आमच्यातल्या कुठल्याही बाईला विचारा.

उन्हात माझी गाडी डाळिंबी होती आणि चाकं थुंकलेली.

मी घासणी बादलीत टाकली. म्हटलं, "मॅचिंग झालंय खरं. पण गाडीशी नाही, तुमच्या तोंडाशी."

ह्यांनी चाकाकडे पाहिलं, मग गटारीकडे.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गाडी घेऊन त्या दुकानात गेले आणि थिनरनं सगळं पुसून घेतलं. अलॉयची चकाकी गेली, त्याचं मला काही वाटलं नाही. ह्यांचा गुटखा सुटलेला नाही, सुटेल असं मी धरूनही चालत नाही. पण हल्ली हे गाडीत बसायला आले, की मी किल्ली फिरवत नाही. शाळेत पोरांची नखं तपासते त्याच आवाजात आधी म्हणते, "आ करा."