आईच्या हातातला वस्तरा

माझे वडील देवगाव रंगारीत लोकांच्या दाढ्या करायचे. ते गेल्यावर त्यांचा वस्तरा ट्रंकेत गंजत पडला होता. परवा मी तो चिकलठाण्याच्या एका वर्कशॉपात नेला. तिथल्या कारागिरानं काचेच्या बारीक भुकटीचा हवेच्या दाबानं मारा केला, तसा गंज उडाला आणि खालचं करडं पोलाद दिसलं.

आठवण म्हणून कपाटात ठेवू, असं मी आईला म्हणालो. तिनं वस्तरा हातात घेतला, पाणी शिंपडून दगडावर घासला, माझ्या कातडी पट्ट्यावर सटासट फिरवला आणि अंगठ्यावर धार पाहिली. मी विचारलं,

"हे तुला कसं येतं?"

"तुझ्या बापाचे हात थरथरायला लागले होते. तू इथं शहरात होस्टेलात होता. मग मळ्यातल्या म्हाताऱ्यांच्या दाढ्या मीच करायचे."

"मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

"तुझ्या बापानं सगळ्यांना शपथ घातली होती. बस खाली, मान हलवू नको."

पन्नाशीचा मी, श्वास रोखून तिच्यासमोर बसलो. दाढी झाल्यावर तिनं गालांवर तुरटी फिरवली. मी वस्तरा पुसला आणि कपाटात न ठेवता तिच्याच हातात परत दिला.